कॅरिबियन का वाचलं? वाइल्डवूडच्या डू वॉप मोटेलांचं एक प्रकरण

२००४ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, अगदी दक्षिण टोकाजवळ, वाइल्डवूड क्रेस्ट नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात एक जुनं मोटेल पडायच्या बेतात होतं. नाव कॅरिबियन. बांधलेलं १९५७ साली, म्हणजे वय ४७. सपाट छप्पर, तिरक्या काचेच्या भिंती, चंद्रकोरीच्या आकाराचा पोहण्याचा तलाव आणि अंगणात प्लास्टिकची नारळासारखी झाडं. या भडक शैलीच्या मोटेलांना आता ‘डू वॉप’ म्हणतात, ते का हे पुढे येईल. जागा समुद्राजवळच्या ओशन अव्हेन्यूवरची, त्यामुळे इमारतीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग झालेली.

त्याच दोन-तीन वर्षांत गावातली अशीच दुसरी मोटेलं धडाधड जात होती. एब टाइड गेलं. सॅटेलाइट गेलं. ही दोन्हीही १९५७-५८ मधली आणि कॅरिबियन बांधणाऱ्या कुटुंबानेच उभारलेली. कॅरिबियन मात्र राहिलं आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदणीत त्याचं नावही लागलं. एकाच घराण्याच्या हातची, एकाच वयाची, एकाच गावातली तीन मोटेलं. दोन पडली, एक उभं राहिलं. ते जास्त देखणं होतं म्हणून वाचलं, असं उत्तर सहज सुचतं. मला ते पटत नाही.

आधी जागा समजून घेऊ. न्यू जर्सीचा अटलांटिक किनारा म्हणजे मुख्य भूमीपासून जराशा सुटलेल्या, लांबट, वाळूच्या बेटांची माळ. त्यातलं एक बेट ‘फाइव्ह माइल बीच’. पाच मैल म्हणजे साधारण आठ किलोमीटर. त्यावर उत्तरेला नॉर्थ वाइल्डवूड, मध्ये वाइल्डवूड आणि दक्षिणेला वाइल्डवूड क्रेस्ट. तिन्ही गावांच्या नगरपालिका वेगळ्या, पण पाहुण्यांच्या लेखी सगळं मिळून ‘द वाइल्डवूड्स’. फिलाडेल्फिया इथून साधारण दीडशे किलोमीटरवर. तिथल्या गिरण्या-कारखान्यांतली, गोद्यांमधली, दुकानांतली इटालियन आणि आयरिश कुटुंबं उन्हाळ्यात इथे यायची. जर्सी किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत वाळूवर पाऊल ठेवायला पैसे मोजून बिल्ला घ्यावा लागतो. वाइल्डवूडची वाळू फुकट. नोकरदारांच्या सुट्टीचं गाव अशी या बेटाची ओळख इथूनच सुरू होते.

वाळूची आणखी एक गंमत आहे. शेजारची गावं वाहून गेलेला किनारा भरून काढायला समुद्रातून वाळू उपसतात. वाइल्डवूडमध्ये उलट, वाळू येऊन साठत गेली आणि किनारा इतका रुंद झाला, की लाकडी बोर्डवॉकवरून पाण्यापर्यंत पोचायला तळपत्या वाळूतून तीनशे-चारशे मीटर तंगडतोड करावी लागते. मोटेलच्या दारात तलाव का, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. समुद्र समोर आहे, पण लांब आहे. आणि जूनमध्ये अटलांटिकचं पाणी चांगलंच गार असतं.

उरलेलं अर्धं उत्तर रस्त्याने दिलं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर गार्डन स्टेट पार्कवे पूर्ण झाला. न्यू यॉर्क राज्याच्या सीमेपासून केप मेपर्यंत २७७ किलोमीटर, राज्याच्या पूर्व अंगाने सरळ खाली उतरणारा. त्याआधी लोक आगगाडीने यायचे, बोर्डिंग हाउसमध्ये उतरायचे आणि दोन-दोन आठवडे राहायचे. आता बाप शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटून गाडीत पोरंबाळं भरणार आणि थेट खोलीच्या दाराशी गाडी लावणार. (एडिसन-प्रिन्स्टन भागातली मराठी मंडळी आजही याच पार्कवेने दक्षिणेला येतात आणि ४ नंबरच्या एक्झिटला वाइल्डवूडकडे वळतात.) गाडीतून येणाऱ्या माणसाला हॉटेलची दिवाणखान्यासारखी लॉबी नको असते. त्याला आधी पाटी दिसायला हवी, मग तलाव, मग गाडी लावायची जागा. इमारत रचली गेली ती याच क्रमाने.

बेटावरचे भूखंड लहान, रस्ते चौकटीत आखलेले. त्यामुळे मोटेलं एल किंवा यू आकारात बसवली. दोन-तीन मजले, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर सपाट छप्पर. खोल्यांची दारं आतल्या बोळात नाहीत, तर बाहेरच्या उघड्या गॅलरीत उघडणारी. गॅलऱ्या खालून खांब न देता पुढे काढलेल्या, कठडे रंगीत धातूचे. यूच्या पोटात तलाव, तोही रस्त्यावरून दिसेल असा. कारण तलाव हीच जाहिरात. मागच्या सीटवरच्या पोराने ‘तो बघ’ म्हणून ओरडावं, एवढाच त्या रचनेचा हिशेब.

गिरगाव-परळच्या चाळी पाहिलेल्या माणसाला या गॅलरीची ओळख करून द्यायला नको. उन्हाळाभर लोक त्या कठड्याला ओले टॉवेल वाळत घालतात, दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात, समोरच्या गॅलरीतल्या माणसाशी बोलतात आणि खाली तलावात डुंबणाऱ्या पोरांवर वरूनच ओरडतात. अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच आठवड्यात, त्याच मोटेलात यायची. शेजारच्या खोलीतलेही तेच. वर्षातून एक आठवडा चाळ भरायची, असंच म्हणायला हवं. ही बाब मी मुद्दाम सांगतोय, कारण या शैलीबद्दल लिहिणारे बहुतेक लोक पाट्या आणि छपरांवर थांबतात. खरी वास्तू या गॅलरीत आहे.

मोटेलं बांधणाऱ्यांत दोन भावांची नावं सतत येतात, लू मोरी आणि विल मोरी. (आडनाव मराठी कानाला भलतंच वाटतं, त्याला इलाज नाही.) कॅरिबियन लूने बांधलं, एब टाइड आणि सॅटेलाइट विलने. हे बांधकाम कंत्राटदार होते. मोठ्या नावाचे वास्तुविशारद नव्हेत. वाइल्डवूडचा धंदा सप्टेंबरात बंद झाला, की ते हिवाळ्यात फ्लोरिडाकडे जायचे. तिथे मायामी बीचवर मॉरिस लॅपिडसने १९५४ मध्ये फाँटेनब्लू हॉटेल उभं केलं होतं. लांबलचक वळणारी इमारत, नाटकी जिने, विनाकारण गोल भोकं असलेल्या भिंती. टीकाकारांनी नाकं मुरडली आणि पाहुण्यांनी गर्दी केली. तिथली चमक मोरी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी डोळ्यांत साठवून आणली आणि पंचवीस-तीस खोल्यांच्या, बेताच्या खर्चाच्या मोटेलात उतरवली. उंची हॉटेलातला संगमरवर इथे काँक्रीट आणि प्लायवूड झाला. पण तिरकी भिंत उभी करायला संगमरवर लागत नाही.

मायामीहून एक गोष्ट मात्र आणता येईना. ताडा-माडाची झाडं न्यू जर्सीच्या बर्फात जगत नाहीत. मग प्लास्टिकची लावली. पूर्ण उंचीची, कायम हिरवी. ती वापरणाऱ्या पहिल्या मोटेलांत कॅरिबियनचं नाव घेतलं जातं. पुढे ही झाडं सगळ्या बेटाची खूणच झाली. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. फिलाडेल्फियाच्या कामगाराला तो कॅरिबियन बेटांवर आलेला नाही हे पक्कं ठाऊक होतं. तिथे जाणं त्याला परवडणारं नव्हतं, म्हणून तर हा देखावा. नावं पाहा: टँजिअर्स, कोना काय, कासा बहामा, वायकीकी, सिंगापूर. सिंगापूरला तर छपरावर पॅगोडा. आपल्याला ओळखीचं वाटेल असं शालीमारही वाइल्डवूड क्रेस्टमध्येच आहे, आणि मुघल बागेचा तिथे मागमूस नाही. दुसरी तऱ्हा अवकाशाची. सोव्हिएत रशियाने १९५७च्या ऑक्टोबरात स्पुटनिक सोडला आणि पुढच्याच वर्षी वाइल्डवूड क्रेस्टमध्ये सॅटेलाइट मोटेल उभं राहिलं. वर्तमानपत्रातला मथळा सहा-आठ महिन्यांत मोटेलची पाटी होत होता.

आणि पाट्या. निऑनची पाटी म्हणजे काचेची नळी तापवून हाताने वाकवायची, आतली हवा काढून वायू भरायचा आणि दोन टोकांना मोठ्या दाबाची वीज द्यायची. निऑन वायूचा उजेड तांबडा-नारिंगी. निळ्यासाठी आर्गॉनमध्ये पाऱ्याचा अंश. बाकीचे रंग नळीच्या काचेच्या रंगावर आणि आतल्या लेपावर ठरतात. खाऱ्या हवेत हे सगळं टिकवणं म्हणजे नळीपेक्षा तिच्या जोडण्यांशी झगडणं. तारा गंजतात, पत्रा फुगतो, दर वसंतात कुठलं तरी अक्षर विझलेलं असतं. नॉर्थ वाइल्डवूडच्या लॉलीपॉप मोटेलच्या पाटीवर गोळीच्या चकतीत लहान मुलाचा चेहरा आहे. तो एकदा पाहिला की विसरता येत नाही, इच्छा असली तरी.

१९५० आणि ६०च्या दशकांत बेटावर अशी सुमारे तीनशे मोटेलं उभी राहिली. त्या काळी या बांधकामाला स्वतःचं काही नाव नव्हतं. कुणी शैली म्हणून पाहिलंच नव्हतं. मोटेल ते मोटेल.

नाव आलं तीस-पस्तीस वर्षांनी, आणि ते बेटाबाहेरून आलं. वाइल्डवूडच्या थोडं दक्षिणेला केप मे आहे, जुन्या व्हिक्टोरियन लाकडी घरांचं गाव. १९६२च्या मार्चमधल्या वादळाने ते उद्ध्वस्त केलं. त्या वेळी ही घरं म्हणजे जुनाट अडगळ, असंच बहुतेकांचं मत होतं. त्यातलं एमलन फिझिक यांचं घर पाडायला निघालं, तेव्हा ते वाचवायला १९७० मध्ये मिड-अटलांटिक सेंटर फॉर द आर्ट्स ही संस्था उभी राहिली. सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, आख्खं केप मे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं आणि आज तिथल्या अडगळीत एक रात्र काढायला लोक भरपूर पैसे मोजतात. याच संस्थेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या वाइल्डवूडच्या मोटेलांच्या सफरी सुरू केल्या आणि सफरीसाठी नाव दिलं ‘डू वॉप’. डू वॉप म्हणजे १९५०च्या दशकातली, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून चार-पाच पोरांनी बिनअर्थाच्या बोलांवर गायची गाण्याची पद्धत. वास्तुकलेशी तिचा काही संबंध नाही, फक्त काळ एक. अभ्यासक याच घराण्यातल्या बांधकामाला गूगी किंवा पॉप्युलक्स म्हणतात. पण ‘गूगी मोटेल बघायला चला’ म्हटलं तर बसमध्ये कोण चढणार?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली पहिली निर्णायक घटना ही. इमारती तिथेच होत्या, रंगही तेच. नाव लागलं आणि मालकांना कळलं, की आपल्याजवळ आहे ते नुसतं जुनं मोटेल नसून एक ‘गोष्ट’ आहे.

दुसरी घटना म्हणजे फिलाडेल्फियाहून आलेला एक वास्तुविशारद. स्टीव्हन आयझेनूर. रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांच्याबरोबर १९७२ मध्ये त्याने लास व्हेगसच्या रस्त्यांवरचा ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगस’ हा गाजलेला ग्रंथ लिहिला होता. जाहिरातीच्या पाट्या आणि गाड्यांचे तळ यांच्याकडे नाक न मुरडता पाहा, असं त्यांचं म्हणणं. १९९७ मध्ये तो विद्यापीठांतल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना घेऊन वाइल्डवूडमध्ये आला. त्याच वर्षी स्थानिक लोकांनी डू वॉप प्रिझर्वेशन लीग स्थापन केली; पुढाकार घेणाऱ्यांत मोरी घराण्याच्या पुढच्या पिढीतला जॅक मोरी होता. आयझेनूरचा सल्ला जतनवाल्यांच्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा उलटा होता. जुनं आहे तसं गोठवून ठेवा, असं तो म्हणत नव्हता. पाट्या आणखी मोठ्या करा, निऑन वाढवा, नवीन बांधाल तेही असंच भडक बांधा, असं त्याचं म्हणणं. ही इमारत मुळातच लक्ष वेधण्यासाठी जन्मली. तिला संग्रहालयातली शांतता दिली तर ती मरेल. २००१ मध्ये तो अचानक वारला. बेटाचा सगळ्यात वाईट काळ त्यानंतर आला.

त्या काळाचा हिशेब मांडून पाहू. हे आकडे कुठल्या खऱ्या मोटेलचे नाहीत, समजण्यापुरते माझे आहेत. हंगाम मेच्या शेवटच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे जेमतेम शंभर रात्री. तीस खोल्या धरा. एकही खोली एकही रात्र रिकामी राहिली नाही, तरी ३,००० रात्री. भाडं रात्रीला १५० डॉलर धरलं, तर साडेचार लाख डॉलर. त्यातून मालमत्ता कर, विमा, उन्हाळी नोकरांचे पगार, तलावाची देखभाल, दर वसंतातलं रंगकाम आणि निऑनवाल्याचं बिल. हातात काय राहतं ते मालकालाच ठाऊक. आता त्याच भूखंडावर बारा फ्लॅट बांधले आणि प्रत्येक पाच लाखांना विकला, तर साठ लाख. एकदाच, पण लगेच. आणि मालक कोण? १९५७ मध्ये तिशीत असलेलं जोडपं २००४ मध्ये सत्तरी ओलांडून गेलेलं. मुलं फिलाडेल्फियात किंवा आणखी लांब नोकरीत. जूनच्या पहाटे उठून चादरी मोजायला कुणी तयार नाही. अशा माणसासमोर बिल्डर चेक घेऊन उभा राहिला, तर त्याला वारशाचं महत्त्व सांगायला जाणाऱ्याने आधी स्वतःचा खिसा तपासावा. मुंबईत सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रिडेव्हलपमेंटवर झालेलं भांडण ज्याने ऐकलंय, त्याला यातलं काहीही नवीन वाटणार नाही.

अशी डझनावारी मोटेलं गेली. त्यांच्या जागी बेटावर आले ते रंगहीन, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मढवलेले, तीन-चार मजली फ्लॅट, जे अमेरिकेच्या कुठल्याही किनाऱ्यावर खपले असते. २००६ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेने दरवर्षीच्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा स्थळांच्या यादीत वाइल्डवूडची डू वॉप मोटेलं घातली. यादीने बातमी झाली. बुलडोझर यादी वाचत नाही.

इथे अमेरिकन कायद्याचा एक बारकावा सांगायला हवा, कारण आपल्याकडे ‘हेरिटेज’ म्हटलं की वेगळंच चित्र येतं. मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीपासून यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर परवानगी लागते. ती मिळते कशी हा वेगळा विषय. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीत नाव लागल्याने खासगी मालकाच्या हातावर काहीच बंधन येत नाही. सरकारी पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल, तर तो स्वतःच्या खर्चाने ती इमारत दुसऱ्या दिवशी पाडू शकतो. खरं बंधन आलंच तर ते गावाच्या स्वतःच्या नियमांतून येतं. नोंदणीने मिळतो मान, आणि दुरुस्ती ठरलेल्या निकषांप्रमाणे केली तर खर्चाच्या वीस टक्के केंद्रीय करसवलत, तीही इमारत उत्पन्न देणारी असेल तर. खाजगी घराला नाही. मोटेलला मिळते.

नोंदणीचा आणखी एक नियम म्हणजे पन्नास वर्षांचा. त्याहून तरुण इमारत असाधारण महत्त्वाची आहे असं सिद्ध करावं लागतं. नॉर्थ वाइल्डवूडचं शॅटो ब्ल्यू मोटेल १९६२चं, बदामाच्या आकाराच्या तलावाचं. ते २००४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी नोंदलं गेलं. कॅरिबियन अठ्ठेचाळिसाव्या. म्हणजे जी इमारत सुट्टीच्या आठवड्यात नोकरदारांच्या पोरांना खूश करायला उभी केली, ती असाधारण आहे हे कागदोपत्री पटवून द्यावं लागलं, आणि ते पटलं. त्या युक्तिवादात डू वॉप या नावाचा वाटा किती हे मोजता येणार नाही. पण नाव नसतं तर अर्जात शैलीच्या रकान्यात काय लिहिलं असतं, हा प्रश्न मला पडतो.

आता कॅरिबियनकडे परत. ते ज्या कुटुंबासाठी लू मोरीने बांधलं, त्याच कुटुंबाकडे ते १९९०च्या सुरुवातीपर्यंत होतं. ही बाब फार महत्त्वाची वाटते. पस्तीसेक वर्षं एकच मालक, त्यामुळे मध्ये कुणी येऊन ‘आधुनिकीकरण’ केलं नाही. या मोटेलांचा घात बिल्डरच्या आधी दुरुस्तीने केलेला असतो. तिरकी काच फुटली की सरळ ॲल्युमिनियमची खिडकी बसते, निऑन बंद पडलं की मागून ट्यूबलाइट असलेली प्लास्टिकची पेटी येते, सपाट छप्पर गळायला लागलं की उतरतं छप्पर चढतं. तीनही कामं शहाणपणाची, स्वस्त, आणि तिन्ही झाली की उरतो तो एक सामान्य ठोकळा, ज्याला वाचवा म्हणायला कुणी येत नाही. कॅरिबियनला हे कमी भोगावं लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीकडे जाणारा, हवेत तरंगल्यासारखा वाटणारा तो वळणदार उतार शाबूत होता. चंद्रकोर तलाव होता, काचेची तिरकी भिंत होती, छतात लपवलेले दिवे होते.

२००४ मध्ये ते एका जोडप्याने विकत घेतलं. पाडायला नव्हे, चालवायला. त्यांनी नोंदणीचा पाठपुरावा केला, दुरुस्त्या केल्या, आणि मोटेल पुन्हा मोटेल म्हणूनच उघडलं. बस, एवढंच घडलं. यात नगरपालिकेचा ठराव नाही, न्यायालयाची स्थगिती नाही, मोर्चा नाही. ज्या क्षणी विकणाऱ्याला कुणीतरी पैसे द्यायचेच होते, त्या क्षणी मोटेलच चालवू इच्छिणारा ग्राहक समोर आला. असा ग्राहक तयार व्हायला त्याआधीची सात-दहा वर्षं लागली होती: सफरी, आयझेनूरचे विद्यार्थी, लीग, वर्तमानपत्रांतले लेख, आणि बोर्डवॉकजवळचं स्टारलक्स.

स्टारलक्सबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्याने दाखवून दिलं की हिशेब उलटाही मांडता येतो. मोरी कुटुंबाने विंगेट नावाचं जुनं, साधं मोटेल घेतलं, त्याला तिरप्या काचेचा दिवाणखाना आणि झगझगीत रंग दिले आणि २००० मध्ये स्टारलक्स म्हणून उघडलं. मूळ विंगेट एवढं रंगेल कधीच नव्हतं. जतनाच्या कडक नियमांत हे बसत नाही. १९५०च्या दशकातल्या इमारतीला त्याच दशकाच्या नावाने २००० सालचं सोंग दिलं. मला आधी ते खटकलं. पण या शैलीत मूळ काय आणि सोंग काय? प्लास्टिकचा माड हा तिचा पाया. स्टारलक्सने खोल्या भरून दाखवल्या, आणि शेजारच्या मालकांना कळलं की डू वॉपचं भाडं जास्त घेता येतं. तिथून मग लाटच आली. वावा या सँडविच-किराण्याच्या साखळीच्या पेट्रोलपंपासकट दुकानाने, बँकेने, मोटारसायकलच्या शोरूमने डू वॉप पाट्या लावल्या. लीगने मालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. विनोद असा, की २००४-०५ च्या सुमारास खरी मोटेलं पडत होती आणि सँडविचच्या दुकानावर निऑन वाढत होतं. आयझेनूरचा सल्ला अर्धाच ऐकला गेला: नवीन भडक झालं, जुनं राहिलं नाही.

एक वाचवणूक अशीही झाली, जिला मी यश म्हणावं की नाही हे ठरवू शकलो नाही. वाइल्डवूड क्रेस्टमधलं १९६३चं सर्फसाइड रेस्टॉरंट पाडलं जाणार होतं. पोलादी सांगाड्याची, पंख पसरल्यासारखी इमारत. लीगच्या लोकांनी ती पाडू न देता सुटी केली, सांगाडा साठवून ठेवला, आणि काही वर्षांनी वाइल्डवूडमध्ये, अधिवेशन केंद्रासमोर, पुन्हा उभी केली. २००७ मध्ये तिथे डू वॉप संग्रहालय उघडलं. बाहेरच्या बागेत पडलेल्या मोटेलांच्या निऑन पाट्या लावल्या आहेत, रात्री त्या पेटतात. ज्या मोटेलची पाटी तिथे उजळते, त्याच्या जागी आता फ्लॅट आहे किंवा, २००८च्या मंदीनंतर बांधकाम थांबलं अशा काही ठिकाणी, नुसतं गवत. वाचवली ती सांगाड्याची रेषा, पाटीचा रंग. गॅलरी वाचली नाही. तिथे कुणी खुर्ची टाकून बसत नाही, कठड्यावर टॉवेल नाही, कुणाचं पोर तलावात नाही.

म्हणून कॅरिबियन वाचलं ते सौंदर्याच्या जोरावर, असं मी मानत नाही. सॅटेलाइटचं नाव आणि गोष्ट दोन्ही जास्त चांगल्या होत्या. फरक तीन गोष्टींचा होता, आणि त्यातली एकही एकटी पुरेशी नव्हती. एक, मूळ मालकांनी दुरुस्तीच्या नावाखाली इमारत बिघडवली नव्हती. दुसरी, तिला नाव मिळालेलं होतं, त्यामुळे ती विकत घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे ठाऊक होतं. आणि तिसरी, ती विकायची वेळ आणि मोटेल चालवायला तयार माणूस हे एकाच वर्षी जुळले. या तिसऱ्या गोष्टीला मी नशीब म्हणतो. संस्था पहिल्या दोन गोष्टींवर मेहनत घेऊ शकतात. तिसरीसाठी फक्त वाट पाहायची आणि तोवर पडू द्यायची नाही. गावाने मोटेल पाडण्यावर एक-दोन वर्षांची थांबायची मुदत जरी घातली असती, तर सॅटेलाइटलाही ग्राहक मिळाला असता का? मिळाला असता असं मला वाटतं, पण सिद्ध करता येणार नाही.

पन्नास वर्षांचा अडसर आता उरलेला नाही. बेटावरची जी मोटेलं अजून उभी आहेत, त्यांतली बहुतेक साठी ओलांडून गेली, म्हणजे असाधारण महत्त्व सिद्ध करायची गरज नाही. पण खासगी मालकाने हरकत घेतली तर नोंदणी होत नाही, हाही नियमच आहे. तेव्हा फाइल वॉशिंग्टनमध्ये अडकत नाही, ती अडकते गॅलरीच्या टोकाला असलेल्या मोटेलच्या ऑफिसात, किल्ल्यांच्या बोर्डाखालच्या खणात. आणि मालकाला त्याबद्दल बोलायला एप्रिल-मेमध्ये गाठावं, तर तो शिडीवर चढून तलावाकडच्या कठड्याला रंग देत असतो.